ऑफ-रोड बग्गीचा ब्रेक निवडताना: जमिनीकडून पायाकडे

कोल्हापुरात बग्गी बांधायची ठरवली तर माणसं आणि मशिनं यांची अडचण नाही. पाइप वाकवून वेल्डिंग करून देणारे उद्यमनगरात आहेत, लेसर कटिंग शिरोलीत होतं, ओतकाम लागलं तर शिरोली आणि गोकुळ शिरगावातल्या फाउंड्र्या आहेत, इंजिन-गिअरबॉक्स जुन्या गाडीचा मिळून जातो. कॉलेजची पोरं ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धेसाठी बांधतात, आणि आपल्या रानात, माळावर फिरवायला हौसेनं बांधणारेही वाढले आहेत. पण फ्रेम, इंजिन आणि शॉकअपवर महिनोन्‌महिने खल होतो आणि ब्रेकचा विषय निघतो तेव्हा पैसेही संपत आलेले असतात आणि दमही. मग कुणाकडे तरी पडलेले मोटारसायकलचे चार कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅडनं दोन्हीकडून आवळणारा भाग) आणले जातात, जो मिळेल तो मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरानं पाइपमधल्या ऑइलला दाब देणारा) बसतो, आणि ब्रेक ‘लागतो’ म्हणून सगळे खूश होतात.

ब्रेक लागणं आणि ब्रेक बरोबर असणं यात फरक आहे. बरोबर ब्रेक निवडायचा असेल तर क्रम उलटा धरायचा. आधी टायर जमिनीला किती धरतो ते पाहायचं, त्यावरून चाकाला किती ब्रेक लागेल ते काढायचं, मग डिस्क, मग कॅलिपर, मग मास्टर सिलिंडर आणि सगळ्यात शेवटी पेडल. जो सुटा भाग आधी विकत घेऊन बाकीचं त्याला जुळवत बसतो, त्याच्या गाडीची मागची चाकं पहिल्या जोरदार ब्रेकला सरकतात. हा लेख पहिल्यांदाच बग्गी बांधणाऱ्यांसाठी आहे, म्हणून हिशेबही किलो आणि सेंटिमीटरमध्येच मांडला आहे.

पहिलं काम: वजन

उसाच्या काट्यावर गाडी नेऊ नका. ते काटे पाच-दहा किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवतात आणि आपल्याला प्रत्येक चाकाखालचं वजन हवं आहे. धान्याच्या दुकानातला प्लॅटफॉर्म काटा एका चाकाखाली ठेवा, बाकी तीन चाकांखाली त्याच उंचीचे लाकडी ठोकळे घाला आणि काटा एकेका चाकाखाली फिरवा. चालवणारा माणूस हेल्मेट घालून सीटवर बसलेला हवा आणि टाकीत पेट्रोल हवं. गाडी अजून कागदावरच असेल तर अंदाज धरा, पण गाडी उभी राहिल्यावर तो पुन्हा तपासा. बांधताना वजन वाढत जातं, कमी होत नाही.

आणखी दोन मापं लागतात. एक व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर. दुसरं गुरुत्वमध्याची, म्हणजे गाडीचं सगळं वजन जिथं एकवटलं आहे असं धरतात त्या बिंदूची, जमिनीपासूनची उंची. ती काढण्यासाठी शॉकअप काढून त्या जागी पट्ट्या लावून सस्पेन्शन पक्कं करतात, मागची चाकं हातभर उचलतात आणि पुढच्या चाकांवर किती वजन वाढलं ते पाहतात. एवढं करणं शक्य नसेल तर एका माणसाच्या बुटक्या बग्गीसाठी ५० सेंटिमीटर धरून चाला. सीट उंच असेल किंवा इंजिन वर बसवलं असेल तर आकडा थोडा वाढवा.

दुसरं काम: किती ब्रेक हवा, आणि कुठं

इथं थोडा वेळ द्या. सगळ्या निवडीचं मूळ इथंच आहे.

उदाहरणाला एक गाडी घेऊ. चालकासकट वजन २६० किलो, व्हीलबेस १४० सेंमी, गुरुत्वमध्य ५० सेंमीवर. इंजिन मागं असल्यामुळे उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर १०४ आणि मागच्यांवर १५६ किलो. फक्त हे आकडे बघितले तर कुणालाही वाटेल की मागं जास्त ब्रेक पाहिजे. गाडी थांबत असते तेव्हा मात्र वजन पुढं येतं. किती येतं? एकूण वजन गुणिले घर्षण गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर घर्षण ०.७ धरलं तर २६० × ०.७ × ५० ÷ १४० म्हणजे ६५ किलो. म्हणजे ब्रेक मारल्यावर पुढं १६९ आणि मागं ९१ किलो उरतात. उभ्या गाडीचं गणित पार फिरलं.

टायर जमिनीवर जेवढा दाबलेला असतो त्याच्या ०.७ पट जोर तो धरू शकतो. म्हणून पुढच्या जोडीला ११८ किलो, मागच्या जोडीला ६४ किलो. एका पुढच्या चाकाला ५९ आणि एका मागच्या चाकाला ३२. ढोबळमानानं दोनास एक. मागं इंजिन असलेल्या गाडीलाही पुढं दुप्पट ब्रेक लागतो, हे पहिल्यांदा बांधणाऱ्याला पटायला वेळ लागतो. पटेपर्यंत खरेदीला जाऊ नका.

आपल्याकडची जमीन मात्र डांबराची नाही. पन्हाळ्याच्या बाजूची जांभ्याची लाल माती पावसात साबणासारखी होते, पंचगंगेकाठची काळी माती टायरला थापून टायरचं नक्षीकामच बुजवून टाकते. घर्षण ०.३ धरलं तर वजन पुढं येतं फक्त २८ किलो. पुढं १३२, मागं १२८, जवळपास सारखंच. म्हणजे चिखलात मागच्या चाकांना जास्त वाटा द्यायला हवा होता. आता प्रश्न असा की ब्रेकची वाटणी डांबरासाठी करायची की चिखलासाठी?

माझं मत स्पष्ट आहे. डांबरासाठी करायची. पुढची चाकं आधी जाम झाली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. पाय थोडा सैल केला की पुन्हा स्टेअरिंग हातात येतं. मागची आधी जाम झाली तर गाडीची शेपूट फिरते आणि नवख्या माणसाला ती सावरता येत नाही. उतारावर वजन आणखी पुढं येत असल्यामुळे हा धोका वाढतोच. गगनबावड्याच्या अंगाला ज्यांची शेतं उताराला आहेत त्यांनी तर यात तडजोड करू नये. चिखलातला मागचा वाटा वाढवायला दुसरा उपाय आहे, तो पुढं येईल.

ड्रम की डिस्क

ड्रम स्वस्त पडतो, हँडब्रेक लावायला सोपा असतो आणि त्याच्या लायनरची रचनाच अशी असते की चाक फिरताना तो स्वतःहून आणखी आवळला जातो. रिक्षाचे ड्रम आणि व्हील सिलिंडर कुठंही मिळतात. पण ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी आणि गाळ शिरतो, आणि गाळ आपोआप बाहेर येत नाही. त्यानंतरचे काही ब्रेक नुसते घसरतात, तेही चारही चाकांना सारखे नाही, त्यामुळे गाडी एका बाजूला ओढते. डिस्क दोन-तीन फेऱ्यांत पाणी झटकून टाकते. ऑफ-रोडसाठी चारही चाकांना डिस्कच घ्या. पैशाची फारच ओढ असेल तर मागं ड्रम चालवून घेता येईल, पुढं नाही.

मागच्या बाजूला आणखी एक पर्याय असतो. चाकांवर दोन डिस्का लावण्याऐवजी गिअरबॉक्सच्या आउटपुटला आतल्या बाजूला डिस्क लावायची. चाकाचं वजन कमी होतं, डिस्क चिखलापासून दूर राहते, एक कॅलिपर वाचतो. पण मग मधला ॲक्सल किंवा सीव्ही जॉइंट (चाक वरखाली होतानाही फिरणं पोचवणारा सांधा) तुटला की त्या चाकाचा ब्रेकही गेला. शिवाय गाडीला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) असेल आणि डिस्क एकाच बाजूच्या शाफ्टवर लावली तर दुसऱ्या बाजूचं चाक मोकळंच फिरत राहतं. पहिल्या गाडीला मी हे सुचवणार नाही.

डिस्क आणि कॅलिपर

आता रिमच्या आत हात घाला आणि जागा मोजा. दहा इंची रिम म्हणजे व्यास २५४ मिमी, पण आतल्या बाजूची मोकळी जागा त्याहून कमी. त्यात डिस्क, डिस्कच्या बाहेर आलेली कॅलिपरची पाठ आणि रिमपासून निदान ४-५ मिमी फट बसायला हवी, नाहीतर एखादा खडा अडकून रिम कापत जातो. एवढ्या जागेत मोटारसायकलची २४०-२६० मिमीची पुढची डिस्क बसतच नाही. स्कूटरच्या १९०-२०० मिमीच्या आसपासच्या डिस्का बघा, किंवा स्वतः कापून घ्या.

स्वतः कापून घ्यायच्या असतील तर धातू विचारून घ्या. मोटारसायकलच्या डिस्का ४१० किंवा ४२० ग्रेडच्या स्टेनलेसच्या असतात, कारण तो हीट ट्रीटमेंटनं कडक होतो. लेसरवाल्याकडं पडलेला ३०४ चा पत्रा चकचकीत दिसतो, पण तो तसा कडक होत नाही आणि तापल्यावर वाकतो. लोहचुंबक लावून बघा. ४१० ला चिकटेल, ३०४ ला जवळपास नाही. कापून झाल्यावर दोन्ही बाजू सरफेस ग्राइंडिंग करून घ्या, जाडी ४ मिमी ठेवा. आपल्या फाउंड्रीत राखाडी बिडाच्या डिस्का ओतून घेऊन लेथवर काढता येतात. त्यांना पॅड छान धरतो, पण जाडी जास्त ठेवावी लागते म्हणून वजन वाढतं, आणि पावसाळ्यात एका रात्रीत गंज चढतो. डिस्कला भोकं किंवा खाचा जरूर ठेवा. चिखल पॅडखालून बाहेर पडायला त्यांचा उपयोग होतो.

कॅलिपरचा हिशेब आता सोपा आहे. टायरची त्रिज्या २८ सेंमी, आणि २०० मिमीच्या डिस्कवर पॅड जिथं धरतो तिथली त्रिज्या साधारण ८.५ सेंमी. पुढच्या चाकाला जमिनीवर ५९ किलो हवेत, म्हणजे पॅडपाशी ५९ × २८ ÷ ८.५ = १९४ किलो. पॅड दोन, म्हणून एकाला ९७. पॅडचं घर्षण ०.३५ धरलं तर पॅड डिस्कवर २७८ किलोंनी दाबला गेला पाहिजे. २५ मिमीचे दोन पिस्टन असलेल्या फ्लोटिंग कॅलिपरच्या (पिस्टन एकाच बाजूला, बॉडी सरकून दुसरा पॅडही दाबते) पिस्टनचं क्षेत्रफळ ९.८ चौरस सेंमी. म्हणजे पाइपमध्ये साधारण २८ किलो प्रति चौरस सेंमी प्रेशर लागेल.

मागच्या चाकाला हाच हिशेब लावला तर पॅडवर १५० किलो लागतात. त्याच प्रेशरला २५ मिमीचा एकच पिस्टन १३९ किलो देतो. जरासा कमी, आणि तो तसाच हवा. पुढचं चाक आधी जाम होईल, पाय आणखी थोडा दाबला की मागचंही होईल. म्हणजे पुढं दोन पिस्टनचा, मागं एका पिस्टनचा, डिस्का सगळीकडं सारख्या. एवढ्या साध्या निवडीत निम्मं काम झालं.

चारही बाजूंना दोन पिस्टनचेच बसवले तर? याच गाडीत पुढच्या चाकांचा ब्रेक दोन-तृतीयांशाच्याही थोडा आत असतानाच मागची चाकं जाम होतात. दुकानात ‘सेट स्वस्तात देतो’ म्हणून चार सारखे कॅलिपर पुढ्यात येतात तेव्हा हे लक्षात ठेवा. आधीच घेऊन बसला असाल तर मागच्या लाइनमध्ये प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घालून प्रेशर कमी करता येतं, पण तो एक सुटा भाग वाढला, आणि कुणी नकळत फिरवला तर सेटिंग बिघडलं.

जुन्या गाडीचा कॅलिपर घेतला तर पिस्टन बाहेर काढून बघा. त्यावर गंजाचे टिपके असतील तर तो कॅलिपर घेऊ नका, कारण नवं सील घातलं तरी तो टिपका सील खरवडत राहतो. सील आणि रबर पेट्रोलनं धुऊ नका, फुगतात. ब्रेक ऑइलनंच धुवा.

मास्टर सिलिंडर आणि पेडल

मास्टर सिलिंडर जितका बारीक, तितका कमी जोरात जास्त प्रेशर, पण पेडल तितकं जास्त आत जाणार. जितका मोठा, तितकं पेडल कडक आणि चाल कमी. ‘मोठा म्हणजे भारी’ हा समज इथं उलटा पडतो.

पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी बोअरचं (आतल्या भोकाचं) क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंमी. २८ किलो प्रेशरसाठी त्याच्या रॉडवर ८१ किलो जोर लागेल. पेडलचं गुणोत्तर पाचास एक ठेवलं, म्हणजे पिव्होटपासून (पेडल ज्या पिनेवर फिरतं तिथून) पाय ठेवायची जागा रॉडच्या पाचपट लांब, तर पायाला १६ किलो. कुणालाही जमण्यासारखं. पॅड ओले झाले, तापले, घर्षण निम्म्यावर आलं तरी पाय ३२ किलो सहज देऊ शकतो.

चालही तपासा. प्रत्येक पिस्टनची हालचाल अर्धा मिलिमीटर धरली तर पुढच्या भागाला मास्टरमध्ये ३.४ आणि मागच्या भागाला १.७ मिमी लागतात. बेरीज पाच, पेडलपाशी पाचपट म्हणजे अडीच सेंमी. होज फुगतात, थोडी मोकळी चाल ठेवावी लागते, ते धरून साडेतीन-चार सेंमीत पेडल कडक झालं पाहिजे.

सिलिंडर टँडम घ्या, म्हणजे एकाच नळीत दोन पिस्टन आणि दोन वेगळे भाग. एक पुढच्या चाकांना, एक मागच्यांना. एका बाजूचा पाइप फुटला तरी दुसरी बाजू शाबूत राहते. मारुती ८०० चा म्हणून मिळणारा टँडम कॉलेजच्या गाड्यांत खूप दिसतो, कारण तो सहज मिळतो आणि त्याचे किटही मिळतात. घेताना बॉडीवरचा बोअरचा आकडा वाचा, नाव बघून घेऊ नका. मोटारसायकलच्या हँडलवरचा किंवा पायाचा मास्टर चार चाकांना पुरणार नाही, त्यात तेवढं ऑइलच मावत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे दोन सुटे मास्टर सिलिंडर आणि मध्ये बॅलन्स बार. बारचा स्क्रू फिरवून पुढचा-मागचा वाटा बदलता येतो. सकाळी कोरड्या माळावर एक सेटिंग, पावसानंतर दुसरं. मी वर चिखलासाठीचा जो उपाय म्हणालो तो हाच. पण बार नीट बसवला नाही तर अडकतो, आणि त्याला मापात काम करणारा टर्नर लागतो. पहिल्या गाडीला टँडम, दुसऱ्या गाडीला बॅलन्स बार, असा माझा सल्ला.

पेडल जाड पट्टीचं, फ्रेमच्या पाइपला पक्कं. पत्र्याच्या फ्लोअरवर पेडलचं ब्रॅकेट वेल्ड केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पाय दाबला की पत्रा वाकतो आणि ब्रेक मऊ वाटतो, मग लोक हवा काढत बसतात. घाबरलेला माणूस पेडलवर १६ किलो देत नाही, पूर्ण ताकद लावून उभा राहतो. ‘फॉर्म्युला स्टुडंट’ या कॉलेजच्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेच्या नियमांत पेडलनं २००० न्यूटन, म्हणजे साधारण दोनशे किलो सोसले पाहिजेत असं आहे. तोच आकडा तुम्हीही धरा.

रॉड आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये एक-दोन मिमी मोकळी चाल ठेवायला विसरू नका. ती नसेल तर पाय काढल्यावरही पिस्टन पूर्ण मागं येत नाही, ऑइल टाकीत परतायचं बारीक भोक झाकलेलं राहतं, आणि डिस्क तापत जाते तसं प्रेशर वाढत जाऊन चाकं आपोआप आवळली जातात. गाडी थंड असताना सगळं ठीक वाटतं म्हणून हा दोष लवकर सापडत नाही.

पाइप, होज, बोल्ट

मुख्य लाइन ४.७५ मिमीच्या स्टीलच्या ब्रेक पाइपची, टोकं डबल फ्लेअर केलेली, म्हणजे कड दुहेरी दुमडून पसरवलेली. तांब्याची नळी वाकवायला सोपी असते पण हादऱ्यांनी कडक होऊन तडकते. प्लास्टिकची तर नकोच. फ्रेमपासून चाकापर्यंत जिथं हालचाल आहे तिथं स्टीलच्या जाळीचा होज. बसवण्याआधी सस्पेन्शन पूर्ण वर, पूर्ण खाली आणि स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा. कोणत्याही स्थितीत होज ताणला जाऊ नये आणि टायरला घासू नये. पाइप फ्रेमच्या खालून नेऊ नका, उसाचे खोडवे आणि दगड त्याला सोडत नाहीत.

आटे तपासा. कारच्या मास्टरला बहुतेक वेळा १० मिमीचा १.० पिचचा (पिच म्हणजे आट्याच्या दोन वळणांमधलं अंतर) आटा असतो आणि बऱ्याच मोटारसायकलच्या कॅलिपरला १० मिमीचाच पण १.२५ पिचचा. एकाचा बँजो बोल्ट (होज जोडणारा पोकळ बोल्ट) दुसऱ्यात दोन-तीन फेरे जातो आणि मग जड होतो. तिथं पान्याला जोर दिला की कॅलिपरचे आटे गेले. हातानं पूर्ण आत गेला तरच तो बोल्ट त्या भोकाचा. तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घाला.

कॅलिपरच्या ब्रॅकेटला ८ मिमीची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी आणि ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे बोल्ट. ब्रेक लागताना त्या ब्रॅकेटवर जवळजवळ दोनशे किलोंचा झटका येतो. नायलॉनचे लॉकनट तापल्यावर मऊ पडतात, इथं धातूचे लॉकनट किंवा तारेनं बांधलेले बोल्ट लावा.

हँडब्रेक आणि एका चाकाचा ब्रेक

पेडल दाबून हायड्रॉलिक लाइन लॉक करणं म्हणजे हँडब्रेक नव्हे. रात्रीत प्रेशर उतरतं. मागच्या डिस्कला दोरीवर चालणारा छोटा वेगळा कॅलिपर लावा.

अरुंद जागेत वळायचं असेल तर मागच्या एकाच चाकाला ब्रेक देणारा कटिंग ब्रेक लावतात. ज्यानं ट्रॅक्टर चालवला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. नांगरट करताना सरीच्या टोकाला डावं किंवा उजवं एकच पेडल दाबून ट्रॅक्टर जागच्या जागी फिरवतात, आणि रस्त्यावर येताना दोन्ही पेडलं कडीनं जोडतात. बग्गीत हेच काम हाताच्या लिव्हरनं होतं. मौज आहे, उपयोगही आहे, पण मुख्य ब्रेक पक्का होईपर्यंत याच्या वाटेला जाऊ नका.

स्पर्धेत उतरायचं असेल तर त्या वर्षाचं नियमपुस्तक आधी वाचा. बाहामध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक, दोन स्वतंत्र सर्किट, पेडलपासून मास्टरपर्यंत दोरी नव्हे तर पक्का रॉड, आणि एका दाबात चारही चाकं जाम, या गोष्टींवर सूट मिळत नाही.

हवा काढणं

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ घ्या. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ २३० पर्यंत. पाणी शोषलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. डॉट ५ नाव जवळचं असलं तरी ते सिलिकॉनचं आहे, या दोन्हींत मिसळायचं नाही. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उचलून येतो.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. कॅलिपर बसवल्यावर हवा काढायचं निपल सगळ्यात वरच्या बाजूला आलं पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडं लावला किंवा ब्रॅकेटच्या सोयीसाठी उलटा केला की निपल खाली येतं, हवेचा फुगा वर अडकून बसतो आणि लिटरभर ऑइल वाया घालवलं तरी पेडल स्पंजासारखं राहतं. असं झालंच तर कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवा, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी तुकडा धरा, निपल वर करून हवा काढा आणि परत बसवा.

काम दोघांचं आहे. मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करा. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडलेलं. एकानं पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल अर्धा फेरा सोडायचं, ऑइल आणि बुडबुडे बाहेर आले की आवळायचं, मगच पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर हवा परत आत. टाकीतली पातळी खाली जाऊ देऊ नका.

तपासणी

गाडी चार स्टँडवर घ्या. पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. ते हळूहळू आत सरकत असेल तर कुठंतरी गळती आहे किंवा मास्टरचं सील गेलं आहे. पाय काढा आणि प्रत्येक चाक हातानं फिरवा, पॅडचा हलका आवाज चालेल, अडकलेलं चालणार नाही. मग पुढच्या एका चाकाचं निपल सोडून पेडल दाबा. पेडल खूप आत जाईल, पण फ्लोअरला टेकण्याआधी मागची चाकं धरली पाहिजेत. नंतर हेच मागच्या बाजूनं करा. दोन सर्किट घेतल्याचा उपयोग इथंच कळतो, रस्त्यावर कळायची वेळ येऊ नये. निपल आवळून पुन्हा हवा काढा.

नवे पॅड लगेच पूर्ण धरत नाहीत. माणूस पळतो त्या वेगानं सुरू करून, मध्यम जोराचे पंधरा-वीस ब्रेक मारा, मध्ये डिस्क थंड होऊ द्या.

मग खरी चाचणी, स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या जागेत. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, ती टेम्पोतूनच न्या. राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्याकडं आणि फुलांच्या पठारांकडं तर चाचणीच्या नावानं फिरकूच नका. हेल्मेट आणि बेल्ट लावून, चुन्याची रेघ मारून, ताशी ४० किमी वेगात रेघेवर पूर्ण ब्रेक. बाजूला उभ्या माणसानं मोबाइलवर चाकांचं चित्रण करावं, कोणतं चाक आधी जाम होतं ते डोळ्याला कळत नाही पण सावकाश चालवलेल्या व्हिडिओत स्वच्छ दिसतं. चांगल्या काँक्रीटवर ९ मीटरच्या आसपास, टणक मुरमावर साडेबारा मीटरच्या आसपास गाडी थांबली तर गणित जमलं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा नव्हे, विरुद्ध बाजूचा कॅलिपर आधी तपासा. बहुतेक वेळा तोच नीट धरत नसतो.

पावसाळ्यातली निगा

लाल मातीतले बारीक कण पॅड आणि डिस्क दोन्ही घासतात. चिखलातून आल्यावर गाडी वाळायच्या आत कॅलिपरच्या पिना आणि पॅडच्या मागची जागा पाण्यानं धुवा, पण प्रेशर वॉशरची धार पिस्टनच्या रबरी टोपणावर धरू नका. फ्लोटिंग कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा. पिना अडकल्या की एकच पॅड झिजतो, म्हणून दोन्ही पॅडची जाडी एकत्र बघायची सवय ठेवा. चिखलासाठी सिंटर्ड (धातूची पूड दाबून-भाजून बनवलेले) पॅड टिकतात, पण ते डिस्क लवकर खातात. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीखाली गेली की ती बदलायची. आणि ब्रेक ऑइल आपल्या हवेत दरवर्षी, पावसाळा संपल्यावर, पूर्ण काढून नवं भरा. उघडलेल्या बाटलीत उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, तेवढ्या दिवसांत त्यानंही पाणी ओढलेलं असतं.